आत्याच्या हातावरची मीना

आमच्या घरात दोन पक्ष होते. एक अण्णांचा आणि एक काशीआत्याचा. आई कुठल्याच पक्षात नव्हती. ती दोघांना भाकरी वाढायची आणि ज्याचा आवाज जास्त चढेल त्याच्या ताटात चटणीचा गोळा मोठा टाकायची. भांडणाचा विषय एकच होता, माझा डावा हात. आत्याला त्यावर गोंदून घ्यायचं होतं आणि अण्णांचं म्हणणं होतं की ते जिवंत असेपर्यंत या घरातल्या पोरीच्या अंगाला सुई लागणार नाही. हात माझा होता, पण मला कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर मी आत्याच्या बाजूनं उडी मारली असती, कारण वर्गातल्या निम्म्या मुलींच्या मनगटावर फूल होतं आणि माझं मनगट धुतलेल्या पाटीसारखं रिकामं होतं.

अण्णा माकणीच्या शाळेत शिपाई होते. घंटा त्यांच्या ताब्यात होती आणि मास्तरांचं वाचून झालेलं वर्तमानपत्र संध्याकाळी घरी यायचं. ते अण्णा मोठ्यानं वाचायचे, जाहिरातींसकट. काशीआत्या त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला, मूल नव्हतं, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी आणि काखेत एक कोंबडी घेऊन माहेरी आली, ती कायमची. कोंबडी माझ्या जन्माआधीच खाऊन झाली होती, पण आत्या अजूनही तिची आठवण काढायची. आत्याचे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत हिरवे होते. तुळशीवृंदावन, विंचू, पाळणा, नवऱ्याचं नाव, अण्णांचं नाव. उजव्या मनगटाच्या वर मात्र चार बोटं जागा कोरी होती. लहानपणी मी विचारलं होतं, "आत्या, इथं का न्हाय?" तर ती म्हणाली, "ठिवलीया." कुणासाठी ते आईनं मला चुलीपाशी हळूच सांगितलं. ती जागा लेकराच्या नावासाठी होती.

अण्णांचा राग उगाच नव्हता. ते म्हणायचे, "बाजारात तुजी आजी हात पुढं करायची तवा भाजीवाली आधी गोंदण बघायची आन मग ठरवायची, भाजी हातात द्यायची का वरनं टाकायची." कुठल्या वस्तीतली बाई कुठलं गोंदण काढते हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक असायचं. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी गळ्यातले गंडेदोरे काढले, देव तेरणेत सोडले, आणि तरण्या अण्णांनी ठरवून टाकलं की आता अंगावर अशी एकही खूण नको जिच्यावरून कुणी आपल्याला ओळखेल आणि दोन पावलं मागं सरेल. आत्यानं देव मुकाट्यानं नदीत सोडले होते. गोंदणाचा विषय निघाला की मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "देव सोडले, आता हात बी सोडू व्हय नदीत?" तिचं सगळं तत्त्वज्ञान असं होतं की माणूस मेल्यावर सोनंनाणं काढून घेतात, लुगडं काढून घेतात, पण गोंदण कुणाच्या बापाला काढता येत नाही. तेवढंच बरोबर येतं आणि वर गेल्यावर आपली माणसं त्यावरूनच आपल्याला ओळखतात. अण्णा म्हणायचे, "अक्का, वर काय बी न्हाय." त्यावर आत्या म्हणायची, "तू जाऊन आलास व्हय?" मग आई चटणी वाढायची.

हे सगळं मोठ्या दुष्काळाच्या सालातलं. आता माकणीला धरणाचं पाणी आहे, त्यावर सकाळी बगळे उतरतात, आणि माझी पुण्याची नात येते तेव्हा तिथं उभी राहून फोटो काढते. तेव्हा धरण व्हायचं होतं आणि तेरणेच्या पात्रात आम्ही पोरं लंगडी खेळायचो. आई आणि आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. दिवसभर माळावरून हातोड्यांचा आवाज यायचा, शेकडो हातोडे, पण एकही दुसऱ्याबरोबर न पडणारा. तो आवाज थांबला की बायका परतत आहेत हे कळायचं आणि मी चूल पेटवायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी फुगत नसे, ओठांना चिकटत असे, आणि आत्या ती थापताना अमेरिकेला उद्देशून जे बोलायची ते इथं लिहिता येणार नाही. कधी हुलग्याचं पातळ माडगं, कधी नुसतं येसर, म्हणजे भाजलेलं मसाल्याचं पीठ, पाण्यात कालवून. तरी खरं सांगते, त्या वर्षी आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं पुढं भरल्या कणगीच्या वर्षांतही झालं नाही.

त्या उन्हाळ्यात एका परदेशी संस्थेची जीप गावात यायला लागली आणि जीपमधून हन्नाबाई उतरली. उंच, हडकुळी, करडे केस मागं रबरानं बांधलेले, पंचेचाळीसच्या आसपासची. ती नर्स होती आणि शाळेच्या कडुलिंबाखाली लहान पोरांना दूध आणि सुकडीचं गोड पीठ द्यायची, लिंबाच्या फांदीला काटा टांगून त्यांची वजनं करायची. शाळेत इंग्रजीचा पेपर त्यातल्या त्यात बरा सोडवणारी म्हणजे मी, आणि शिपायाची पोरगी म्हणून हाकेच्या अंतरावर असणारीही मीच. म्हणून मी तिची दुभाषी झाले. तिची मूळ भाषा जर्मन होती. तिचं इंग्रजीही माझ्यासारखंच शिकून आलेलं होतं, त्यामुळं आम्हा दोघींना एकमेकींचं फार चांगलं कळायचं आणि तिच्या इंग्लंडच्या साहेबाचं मात्र दोघींनाही कळायचं नाही.

हन्नाबाईच्या दोन गोष्टींची गावात चेष्टा व्हायची. एक म्हणजे ती पोरांना रांगेत उभं करत नसे. सगळ्यांना गोल बसवायची. आधी वरच्या आळीतल्या आया कुरकुरल्या, कारण गोलात कोण कुणाशेजारी येईल त्याचा नेम नसतो, पण भुकेल्या पोरांना काय, ती बसली. दुसरी गोष्ट बिल्ल्यांची. पोरं ओळखायला सोपं जावं म्हणून कुणीतरी नंबर घातलेले पत्र्याचे बिल्ले आणून दिले होते. हन्नाबाईनं पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या गळ्यातले बिल्ले काढून एका पिशवीत भरले, ती पिशवी जीपमध्ये टाकली आणि मला म्हणाली, "मला नावं सांग." साठ-सत्तर पोरं, त्यात चार बाळू आणि तीन छाया, पण आठ दिवसांत तिला सगळी नावं पाठ झाली. 'ज्ञानोबा' तिला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, आणि ज्ञानोबा मात्र तिनं आपलं नाव पुन्हापुन्हा घ्यावं म्हणून मुद्दाम लपून बसायचा.

आत्याचं लक्ष तिसऱ्याच गोष्टीवर होतं. वैशाखातल्या उन्हातसुद्धा हन्नाबाईच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. आत्याचा अंदाज होता की बाईच्या अंगावर कोड असणार. पण माणूस तिला आवडलं होतं, कारण हन्नाबाईला 'लई' आणि 'व्हय' हे दोनच शब्द येत होते आणि तेवढ्यावर ती आत्याशी अर्धा तास बोलू शकायची. एके दिवशी तिनं भाकरी शिकायची इच्छा दाखवली. आत्यानं तिला आमच्या चुलीपाशी बसवलं, परातीत मिलोचं पीठ घेतलं आणि मला म्हणाली, "तिला म्हणावं, बाह्या वर कर, पिठात बुडतील." हन्नाबाईनं आधी बाहीचं बटण चाचपलं. मग तिनं बाह्या वर केल्या. डाव्या हातावर आतल्या बाजूला निळसर आकडे होते, ओळीनं, वाकडेतिकडे.

आत्याला झालेला आनंद काय सांगू! "आगं बया, तुमच्यातबी गोंदत्यात व्हय?" असं ओरडून तिनं तो हात पिठाच्या हातांनी धरला, उजेडाला नेला, उलटासुलटा करून पाहिला, आणि मग तिचा चेहरा पडला. ना फूल, ना टिंबांची वेल, ना कुणाचं नाव. रेषाही सारख्या नाहीत. गोंदणाच्या बाबतीत आत्या जाणकार होती आणि एवढं वाईट काम तिनं कधी पाहिलं नव्हतं. "कुण्या भवानीनं केलंया हे? हात झडले तिचे!" ती म्हणाली. हन्नाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी नववीच्या इंग्रजीत सांगितलं की आत्या म्हणते, काम चांगलं झालेलं नाही आणि ज्यानं केलं त्याचे हात गळून पडोत. हन्नाबाई हसत सुटली. एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसताना गालाला पीठ लागलं. मग म्हणाली, "तिला सांग, ज्यांनी केलं त्यांना घाई होती." मी सांगितलं. आत्याला ते लगेच पटलं. येरमाळ्याच्या जत्रेत गोंदणाऱ्या बायका अशाच घाई करतात, गिऱ्हाईक बघून अर्धवट सोडतात, हे तिनं स्वतः भोगलं होतं.

आणि तिथंच आत्याच्या मनात ती थोर कल्पना आली. बिचारीचं गोंदण अर्धं राहिलं आहे, तर आपण ते पुरं करून द्यायचं. आकड्यांच्या भोवती वेल, वर एक कमळ. आपल्या पोरांना दूध पाजणाऱ्या बाईला द्यायला आमच्या घरात त्या साली दुसरं होतं तरी काय? आणि गोंदणारी येणारच आहे तर त्याच बैठकीत सुमनचंही, म्हणजे माझंही, उरकून घ्यायचं. शेवंताबाई नावाची गोंदणारी त्या भागात फिरायची. दुष्काळात तिचाही धंदा बसला होता. एक जुनं लुगडं आणि पायलीभर मिलो यावर ती यायला कबूल झाली, पण म्हणाली, एका दिवशी दोनच हात, माझी नजर आता टिकत नाही. शाळेच्या कागदांसाठी अण्णा उमरग्याला जाणार होते तो दिवस ठरला. मला रात्रभर झोप आली नाही. अण्णांना कळलं तर काय होईल हे मला माहीत होतं आणि मनगटावर फूल आल्यावर काय होईल हेही माहीत होतं. दोन्हींत फुलाचं वजन जास्त भरत होतं.

त्या दिवशी खडीचं काम बंद होतं. दुपारी आमच्या अंगणात आळीतल्या सात-आठ बायका जमल्या. शेवंताबाईनं काजळी पाल्याच्या रसात खलली, चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधल्या आणि पहिला नंबर माझा लागला. मी हौसेनं हात पुढं केला खरा, पण सुया बघितल्यावर तो आपोआप मागं आला. यावरचा उपाय बायकांना ठाऊक होता. एकीनं माझा दंड धरला, एकीनं मनगट, आत्यानं मांडीवर घेऊन मला दाबून ठेवलं आणि सगळ्यांनी गाणं सुरू केलं, म्हणजे रडणं ऐकू येत नाही. मी ओरडत होते, बायका हसत होत्या. सुई अजून टेकलीसुद्धा नव्हती. एवढ्यात आत्यानं बोलावणं पाठवलेली हन्नाबाई दारातून आत आली.

तिनं काय पाहिलं ते मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की तिचा चेहरा चुन्यासारखा झाला, ती काहीतरी जर्मन भाषेत ओरडली, बायकांना ढकलत आत घुसली आणि माझा हात त्यांच्या हातांतून ओढून घेतला. मला छातीशी धरून ती भिंतीला टेकली. गाणं थांबलं. शेवंताबाईच्या हातातल्या सुया तशाच वर राहिल्या. आईनं पाणी आणलं. आत्या मात्र कधी नव्हे ते एवढंसं तोंड करून म्हणाली, "सुमे, विचार की गं तिला, माजं काय चुकलं?"

हन्नाबाई पाणी प्यायली. थोड्या वेळानं माझा हात सोडून ती खाली बसली, बाही वर केली आणि म्हणाली, "हे गोंदण नाही. सांग त्यांना." मग ती थोडं थोडं बोलत गेली आणि मी थोडं थोडं मराठी करत गेले.

ती सहा वर्षांची असताना त्यांच्या देशात नवं सरकार आलं. त्या सरकारचं म्हणणं होतं की देशाचं जे काही वाईट झालं ते ज्यू लोकांमुळं. हन्नाबाईचं घर ज्यू होतं. वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. आधी लोकांना सांगितलं, यांच्या दुकानात जाऊ नका. मग बागेतल्या बाकांवर पाट्या आल्या, ज्यूंनी इथं बसू नये. मग पोहायच्या तलावावर. मग शाळेत तिला मागं बसवलं आणि नंतर शाळेतूनच काढलं. इथपर्यंत आमच्या बायका माना डोलवत होत्या. एक म्हातारी तर हसून म्हणाली, "ह्यात नवं काय सांगती ही? आमाला तरी कुठं हिरीवर चढू देत व्हते?" आत्यानं तिला गप्प केलं. "आमच्याकडं गावानं केलं. ही म्हणती सरकारनं. कागद काढून. व्हय गं सुमे?" मी हन्नाबाईला विचारलं. ती म्हणाली, "व्हय. कागद काढून."

प्रत्येक वेळी तिचे वडील म्हणायचे, झालं, आता आणखी काय करतील? आणि दुसरा कागद यायचा. दुकान गेलं. एका रात्री रस्त्यातल्या सगळ्या ज्यू दुकानांच्या काचा फुटल्या आणि पोलीस बघत उभे राहिले. सगळ्या ज्यू बायकांच्या नावापुढं सरकारनं एकच नाव जोडलं, म्हणजे कागदावर कोण कुठली ते लगेच कळावं. कपड्यावर पिवळी चांदणी शिवायची सक्ती झाली. सायकल जमा करा, रेडिओ जमा करा, शिलाई मशीन जमा करा. मग मांजर. ज्यूंनी घरात प्राणी पाळायचा नाही. "मांजर?" आत्या एकदम म्हणाली. "आगं, मांजरानं काय केलं व्हतं सरकारचं?" दोघी-तिघी हसल्या. हन्नाबाईही किंचित हसली. म्हणाली, मांजर तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

मग याद्या आल्या. यादीत नाव असलेल्यांनी एक पेटी घेऊन स्टेशनावर यायचं. शेजाऱ्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. मालगाडीच्या डब्यांत माणसं कोंबली आणि दोन दिवसांनी जिथं उतरवलं तिथं रांग होती. रांगेच्या तोंडाशी एक साहेब उभा होता. तो बोटानं दाखवायचा, हा इकडं, तो तिकडं. सोळा वर्षांच्या हन्नाला इकडं पाठवलं, कामाला, आणि तिला धरून हातावर नंबर टोचला. त्यानंतर तिला नावानं कुणी हाक मारली नाही. आई, वडील आणि नऊ वर्षांची बहीण तिकडं. मी विचारलं, तिकडं म्हणजे? तिनं सांगितलं. त्याच्यासाठी माझ्याकडं शब्द नव्हते. मी नुसतं म्हणाले, "मारलं. त्याच दिवशी. गाडीतल्या बहुतेक सगळ्यांना." कुणीतरी विचारलं, अशा किती गाड्या? हन्नाबाई म्हणाली, "सगळ्या देशांतून. काही वर्षं." पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, इतिहास शिकवला. पुस्तकात यावर चार ओळी होत्या. दरवर्षी एखादा मुलगा उठून म्हणायचा की बाई, आपल्याकडं असा कडक माणूस पायजे. मग मी खडू खाली ठेवायची आणि बाकावरच्या पाटीपासून सांगायला सुरुवात करायची. मांजरापाशी आले की वर्ग हसायचा, दरवर्षी, न चुकता. त्यापुढं कुणी हसत नसे.

त्या दुपारी अंगणात आत्यानं विचारलं, "धाकटीच्या हातावर बी असंच गोंदलं?" मी विचारून सांगितलं, "न्हाय. ज्यांना लगेच मारायचं त्यांना नंबर देत नव्हते. तिला नंबरसुदिक न्हाय." आत्या हललीच. तिच्या डोक्यात काय चाललं आहे ते मला दिसत होतं. एवढ्या गर्दीत एक नऊ वर्षांची पोर, आणि तिच्या अंगावर काहीच नाही. "मंग वर तिला वळखायचं कशानं?" ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "इचार, बहिणीचं नाव काय? हिच्या हातावर आपण ते नाव घालू. नंबराच्या शेजारी." मी विचारलं. हन्नाबाईनं आत्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली की आमच्या धर्मात अंगावर टोचून घेणं चालत नाही. कधीच चालत नव्हतं. "आणि बहिणीचं नाव मीना."

"मीना?" चार बायका एकदम म्हणाल्या. आमच्या आळीतच दोन मीना होत्या. त्यातली एक त्या क्षणी अंगणात शेंबूड ओढत उभी होती. आत्यानं तिच्याकडं पाहिलं, हन्नाबाईकडं पाहिलं आणि आपला उजवा हात पुढं केला. मनगटावरची चार बोटं कोरी जागा. "तिच्या धर्मात चालत न्हाय, आमच्या हितं अण्णा बोंबलत असतो, पर माज्या अंगावर समदं चालतंय," ती म्हणाली. "शेवंते, हितं घाल. मीना." मी हे इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही. हन्नाबाईला कळलं होतं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शेवंताबाईनं सुया पुसल्या आणि म्हणाली, नजर दमली, आज एकच हात होईल. आत्या माझ्याकडं वळली. सबंध वर्ष माझ्या हातासाठी भांडलेली बाई, तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "सुमे, तुजं आज ऱ्हाऊ दे?" मी हो म्हणाले. मला वाईट वाटलं का? वाटलं. फूल डोळ्यांसमोर आलं होतं. पण शेवंताबाईला अक्षर येत नव्हतं, नाव कुणीतरी आधी काढून द्यावं लागणार होतं, आणि ते काम माझं होतं. मी कोळशानं आत्याच्या हातावर दोन अक्षरं काढली, जमेल तितकी सुबक. हन्नाबाई शेजारी बसून बघत होती. सुई लागली तेव्हा आत्यानं गाणं म्हणू दिलं नाही. म्हणाली, "गप ऱ्हावा, मला लागतंय ते कळू दे."

संध्याकाळी अण्णा आले. आत्याच्या हातावर हळद लावलेली, हात सुजलेला. त्यांनी आधी माझा हात तपासला. तो कोरा होता. मग ते आत्यासमोर उकिडवे बसले. "अक्का, ह्या वयात? कोण ही मीना?" आत्या शांतपणे म्हणाली, "भाची हाय तुजी." मग मी सगळं सांगितलं. अण्णा त्या रात्री बराच वेळ जेवायला उठले नाहीत आणि वर्तमानपत्रही वाचलं नाही. निजायच्या आधी मात्र त्यांनी आत्याचा हात कंदिलापाशी धरून नाव वाचलं आणि मला म्हणाले, "अक्षर जरा तिरकं आलंया गं." आईनं उशिरा का होईना, चटणी वाढली.

हन्नाबाई पुढं चार महिन्यांनी गेली. काही वर्षं तिची पत्रं यायची, शेवटी नेहमी एक ओळ, काशीचा हात कसा आहे? मग पत्रं थांबली. माझ्या हातावर गोंदायचं ते राहिलंच. शेवंताबाई त्या भागात पुन्हा आली नाही. मागच्या दिवाळीत नातीनं पुण्यात मशीननं मनगटावर फुलपाखरू काढून घेतलं आणि मला म्हणाली, आजी, तूही काढ ना एक. मी म्हटलं, माझा नंबर मी एकीला दिला आहे. तिला वाटलं, मी फोन नंबरबद्दल बोलते आहे.

आत्या मात्र मीनाची आई होऊन जगली. आळीतल्या नव्या सुना विचारायच्या, "हे कुणाचं नाव, आत्याबाई?" ती म्हणायची, "लेकीचं. लांब असती." तिला कुणी खोटं ठरवलं नाही, अण्णांनीसुद्धा नाही. ती खूप म्हातारी होऊन, सकाळचा चहा पिऊन, साखर कमी पडली म्हणून माझ्या भावजयीला दोन शब्द सुनावून, मग गेली. आंघोळ घालताना मी तिचा उजवा हात धुतला. कातडी सुरकुतली होती, पण दोन्ही अक्षरं जागेवर होती, जरा तिरकीच. पाणी ओतणारी शेजारीण नवीन होती. नाव वाचून ती हळहळली. "आगं, लेकीला कळीवलं का?" तिनं विचारलं. दाराबाहेर खुर्चीवर अण्णा बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. वर काही नाही असं ज्यांनी जन्मभर सांगितलं ते अण्णा. त्यांनी घसा साफ केला आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कळवायचं काय त्यात? अक्काच निघालीया की तिच्याकडं."